पाणी कुठवर आलं होतं

इतिहास मंडळाची सचिव मी केवळ मोठ्या आवाजामुळे झाले. उभा जन्म टेलिफोन खात्यात गेला. धारणीकडचा कॉल जोडून द्यायचा म्हणजे इकडून इतकं ओरडावं लागायचं, की फोन नसता तरी त्यांना ऐकू गेलं असतं. निवृत्त झाल्यावर एका उन्हाळ्यात सावलीला म्हणून मी मंडळाच्या ग्रंथालयात शिरले. तिथल्या एका कमी ऐकू येणाऱ्या सभासदांना मी पंख्याचं बटण कुठं आहे ते विचारलं, आणि त्यांना ते पहिल्या फटक्यात ऐकू आलं. पुढच्याच बैठकीत सगळ्यांनी मिळून मला सचिव करून टाकलं. इतिहासातलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं.

ग्रंथालय म्हणजे अकोल्यातल्या मळेवाल्यांच्या संस्थेची माडी. शहराच्या कडेला भाजीपाला, फुलं पिकवणाऱ्या घरांची ही जुनी संस्था. खाली त्यांचं ऑफिस, बियाण्याची पोती, फवारणीचे पंप. वर एक लांबट खोली, तिच्या तीन भिंतींना आमची कपाटं आणि चौथ्या भिंतीला त्यांची लग्नातली भांडी: गंज, पराती, हातभर लांब झारे. सकाळी माडी त्यांची, दुपारपासून आमची. पुस्तक उघडलं की आतून कोथिंबिरीचा वास यायचा. लग्नसराईत कोणी भांडी न्यायला आलं की वाचणारे उठून परातीला हात लावायचे. ही जागा कधीकाळी त्यांच्या एका अध्यक्षांनी "बसा" एवढं म्हणून दिली होती. त्यानंतर दरवर्षी त्यांच्या वार्षिक सभेत, चहा आणि आभार यांच्या मधे कुठंतरी, "मंडळाले माडी चालू ठेवावी" असा ठराव व्हायचा आणि आम्ही आणखी एक वर्ष बसायचो.

आणि काय काय होतं त्या कपाटांत! बाळापूरच्या किल्ल्याचे कोणीतरी हातानं काढलेले नकाशे, रिद्धपूरकडच्या पोथ्यांच्या नकला, गावोगावच्या बाजारांची वर्णनं. माझा स्वभाव मुळात दुधासारखा, पाठ फिरली की उतू जाणारा. दोन महिन्यांत मी अशी झाले की भाजी आणायला निघायचे आणि माडीवर जाऊन बसायचे. घरी वरणाला फोडणी पडली नाही की सगळ्यांना कळायचं, आज काहीतरी सापडलंय.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमचे सर. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले, ऐंशी ओलांडलेली, शर्टाच्या खिशात कायम टोक केलेली पेन्सिल. ते मुलाच्या छोट्या फ्लॅटमधे राहतात. तिथं नातवंडांचं टेबल मावावं म्हणून त्यांनी स्वतःची सगळी पुस्तकं माडीवर आणून ठेवली होती. ही खोली गेली असती तर सरांजवळ वाचायला पंचांगसुद्धा उरलं नसतं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण रोज कुलूप उघडताना त्यांचा चेहरा बघितला की कळायचं.

सरांचा एकच दोष होता. पुराव्याशिवाय ते काही बोलत नसत, आणि पुरावा नसेल तर तेवढं मात्र आवर्जून बोलत.

मळेवाल्यांची पौषात मोठी पंगत असते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, तुपाची धार. पंगतीच्या आधी त्यांच्या मूळपुरुषाची गोष्ट सांगतात. ती अशी, की बाळापूरच्या किल्ल्याकडं निघालेला एक सरदार तापानं फणफणून मळ्यात मुक्कामाला थांबला. अन्न बघितलं तरी त्याला नको व्हायचं. मूळपुरुषानं त्याला भाजल्या वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर खाऊ घातली आणि सरदार उठून बसला. म्हणाला, दिवस बुडेपर्यंत तुझ्या विहिरीचं पाणी जेवढ्या रानात फिरवशील तेवढं रान तुझं. मूळपुरुषानं दिवसभर मोट हाकली. बैल थकले की बैल बदलले, तो स्वतः काही बदलला नाही. दिवेलागणीला पाणी जिथं पोचलं, तिथवर मळे झाले. गोष्ट संपली की लहान पोरंसुद्धा टाळ्या वाजवतात.

त्या वर्षी गोष्टीनंतर दोन शब्द बोलायला सरांना उभं केलं. मंडळाचा मान म्हणून. मी पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून बसलेली.

सर म्हणाले, "गोष्ट सुरेख आहे. परंतु हिला पुरावा नाही. अशी गोष्ट मी बऱ्याच गावी ऐकली आहे. कुठं भरीत असतं, कुठं टरबूज. एका गावी तर नुसतं ताक होतं."

मांडवात एकदम चिडीचूप. सरांना वाटलं लोक लक्ष देऊन ऐकताहेत, म्हणून त्यांनी ताकाच्या गावाबद्दल आणखी माहिती दिली. शेवटी संस्थेचे उपाध्यक्ष, धिप्पाड माणूस, मागून गरजले, "अन् रोडगे खायाले येता तठी पुरावा नाई लागत काय?"

परतताना ऑटोत सरांनी मला विचारलं, "मी काही चुकीचं बोललो का?"

"नाही ना सर," मी म्हटलं. "हीच तर पंचाईत आहे."

आठवड्याच्या आत निरोप आला. या वार्षिक सभेत उपाध्यक्ष ठराव मांडणार, की माडी रिकामी करून घ्यावी आणि कोचिंग क्लासला द्यावी. आम्ही तातडीची बैठक बोलावली. आता दुसऱ्या कोणत्याही मंडळानं काय केलं असतं? हात जोडायला कोण जाणार ते ठरवलं असतं. आमच्या मंडळानं सबंध बैठक यावर वाद घातला, की भरिताची गोष्ट आधीची की टरबुजाची. दोघे जण तर एकमेकांशी बोलेनासे झाले. मी टेबलावर हात आपटला आणि ओरडले, "अहो, खोली चाललीय!" कमी ऐकू येणारे सभासद सोडून कोणी दचकलं नाही.

त्यात अमरावतीच्या एका मंडळाला बातमी लागली. त्यांचा फोन आला, फार गोड आवाजात. पुस्तकं आमच्याकडं पाठवून द्या, आमची स्वतःची इमारत आहे, भिंतीला ओल नाही. माझं माहेर अमरावतीचं. सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मीच बाहेर ट्रक उभा केलाय. सर एवढंच म्हणाले, "अमरावतीला?" आणि पेन्सिल खिशात ठेवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. मला त्या क्षणी माझ्या माहेराचासुद्धा राग आला.

दुसऱ्या दिवशी मी कोणाला न सांगता संस्थेच्या अध्यक्षांच्या मळ्यात गेले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. ते आणि वहिनी झाडाखाली मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. मीही बसले आणि जुड्या बांधायला घेतल्या.

"भाऊ, सरांच्या वतीनं माफी मागायला आले."

"माफी कायची, बाई? सर मोठा माणूस हाये. पण भर पंगतीत आमाले खोटं पाडलं न त्यायनं. जावई बसले होते, व्याही बसले होते."

"खोटं नाही म्हणाले ते. पुरावा नाही म्हणाले."

"एकच झालं ते."

मी पुढची जुडी बांधायला घेतली. तेवढ्यात वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "तसाही सरदार ठणठणीत होता. आजारी होता त्याचा घोडा."

भाऊंनी कपाळाला हात लावला. "झालं सुरू. तुह्या माहेरची गोठ अठी नोको सांगू."

"काहून नोको? माह्या बापाच्या मळ्यात असंच सांगतात. घोड्याले मेथी चारली अन् घोडा उठला. भरीत तुमच्या लोकायनं मागून घातलं."

माझ्या हातातली जुडी सुटली. लग्नाला चाळीसेक वर्षं झालेली, एका चुलीवर जेवणारी दोन माणसं, आणि गोष्टी दोन! "आणि पाणी?" मी विचारलं. "पाणी कुठवर आलं होतं?"

"मोठ्या चिचेच्या झाडापर्यंत," भाऊ म्हणाले.

"चिचेपर्यंत कायले येते? आमच्या खडकापाशी थांबलं ते."

मी मोबाइल काढला, दोघांच्या मधे मेथीवर ठेवला आणि म्हटलं, वहिनी, पहिल्यापासून सांगा. त्यांनी सांगितलं. मग भाऊंना राहवेना, त्यांनीही सांगितलं. माफीचं राहूनच गेलं. मी जवळपास धावत माडीवर आले. जिना चढताना मला धाप लागली होती आणि हसूही येत होतं.

सरांनी ते डोळे मिटून ऐकलं. एरवी सर छापील बोलतात. पण ऐकून झाल्यावर ते उठले आणि म्हणाले, "बापा बापा बापा!" त्यांच्या तोंडून वऱ्हाडी मी पहिल्यांदा ऐकत होते. मग खोलीत फेऱ्या मारत बोलायला लागले. "सरदार राहू द्या. घोडाही राहू द्या. माणूस सरदार मनानं रचेल, पण आपल्या शेताचा बांध-धुरा मनानं नाही रचत. पाणी थांबल्याची जागा प्रत्येक घर नेमकी सांगेल. ती जागा विचारा, बाई. प्रत्येक घरी विचारा!"

मी भाऊंना फोन केला, की तुमच्या सगळ्या घरांनी माडीवर येऊन आपापली गोष्ट सांगावी, आम्ही जशीच्या तशी टिपून घेतो. खरी-खोटी कोणी म्हणणार नाही. भाऊ म्हणाले, "सरायले बसवा, पण बोलू नोका देऊ."

पुढचे रविवार मी जन्मभर विसरणार नाही. ज्या माडीवर एरवी चार टकली आणि मी, तिथं बसायला जागा पुरेना. लोक उपड्या परातींवर बसले. एका घरची गोष्ट चालू असताना दुसरं घर जिन्यावरून ओरडायचं, "काहीबी नोका सांगू राजेहो!" एकांच्या गोष्टीत सरदाराची बायको आजारी होती. एकांच्यात वांग्याऐवजी मुळा होता आणि त्यांना मुळ्याचा इतका अभिमान, की बोलताना गहिवरून आलं. सर कोपऱ्यात तोंडावर हात ठेवून बसायचे. हसू लपवायला की बोलणं आवरायला, देव जाणे. मी मात्र प्रत्येकाला शेवटी तोच प्रश्न विचारायचे. पाणी कुठवर आलं होतं? आणि खरंच, तिथं कोणीच अडखळत नसे. बाभळीच्या वळणापर्यंत. भुताच्या बांधापर्यंत. धोब्याच्या दगडापर्यंत.

टेबलावर आम्ही शिवाराचा मोठा नकाशा पसरला होता. जागा दाखवायला टाचण्या सापडेनात, म्हणून वहिनींनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं. भरीतवाल्यांना लाल, मेथीवाल्यांना हिरवी, मुळ्यावाल्यांना पांढऱ्या खड्याची. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मी नकाशावरून ताटल्या उचलत होते आणि थबकले. टिकल्या कशाही विखुरलेल्या नव्हत्या. विहिरीपासून निघून त्यांची एक रांग चालली होती, आणि ती चक्क चढावर गेली होती.

"भाऊ," सर तोंडावरचा हात काढून बोलले, त्यांना आता कोण अडवणार, "तुमच्या विहिरीच्या मोटेचं पाणी या चढावर जाईल?"

"कसं जाईन? पाणी काय बकरी हाये चढाले?"

"मग तिथं पाणी आणलं कुणी? कुठून?"

सगळे नकाशावर वाकले.

त्याच दुपारी आम्ही निघालो. सर भाऊंच्या मोटारसायकलवर, भाऊंना घट्ट धरून. वहिनी आणि मी ऑटोत. बाकीचे मिळेल त्या गाडीवर. वहिनींच्या माहेरच्या खडकाशी काटेरी झुडपं माजली होती. भाऊंनी विळा घेऊन ती सपासप तोडली आणि खाली पाय आपटून बघत पुढं सरकले. मग एकदम ओरडले, "बाई, अठी या! भल्लं काहीतरी हाये!" मातीखाली दगड होते, ओळीत बसवलेले, मधे चुना, आणि मधून खोलगट गेलेली चर. थोडं उकरलं की पुढं आणखी. आणखी पुढंही. मी चपला काढून त्या चरीत उभी राहिले. का, ते मला सांगता येणार नाही, पण मला नाचावंसं वाटत होतं, आणि थोडी नाचलेही.

सर खाली मातीतच बसले. दगडावरून हात फिरवत म्हणाले, "पाट आहे. जुना पाट आहे. वरच्या नाल्यावरून आणलेला. आपल्या एकाही पुस्तकात याचा उल्लेख नाही."

"म्हंजे सरदारानंच बांधला!" भाऊ म्हणाले.

"पाट आहे, भाऊ. सरदाराचं मला माहीत नाही."

"एकदा तरी 'असन' म्हणा न सर."

"असेल," सर म्हणाले. "पण मला माहीत नाही."

भाऊंनी माझ्याकडं बघितलं आणि दोघांनाही हसू फुटलं. पण ठराव अजून तसाच होता, हे दोघांच्याही लक्षात होतं.

वार्षिक सभा माडीवरच भरली. उपाध्यक्षांनी ठराव वाचला. कोचिंग क्लासमुळे संस्थेला चार पैसे मिळतील, आणि पोरांचं भलं होईल, हे त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पुष्कळ माना डोलल्या. मग भाऊंनी सरांना बोलायला सांगितलं, आणि मी मनात म्हटलं, देवा, आज एक दिवस यांना थोडंसं खोटं बोलू दे.

सर उठले. "सरदाराचा पुरावा मला आजही मिळालेला नाही," त्यांनी सुरुवातच केली. माझे डोळे आपोआप मिटले. "पाटाचा मिळाला. तो तुमच्याकडून मिळाला. मी इतकी वर्षं या खोलीत बसलो आणि खाली येऊन तुम्हाला काही विचारलं नाही, कारण मला वाटायचं जे आहे ते कपाटांत आहे." पुढचं बोलणं त्यांना जड जात होतं. "माझ्या घरी पुस्तक ठेवायला जागा नाही. ही खोली गेली तर मी दुपारी कुठं जाईन, ते मला माहीत नाही." आणि बसले.

मला रडू आवरेना. उपाध्यक्ष कागदाकडं बघत उभे होते. तेव्हा मागून मुळ्यावाल्या घरचे एक जण सहज म्हणावं तसं म्हणाले, "काहो, तुमच्या घरचं पाणी कुठवर आलं होतं? नकाशावर तुमची टिकली नाई दिसत."

सगळ्यांनी नकाशाकडं बघितलं. खरंच नव्हती. उपाध्यक्ष रागानं एकाही रविवारी आले नव्हते.

"ते बुढ्याले मालूम," ते म्हणाले. "माह्या बाबाले. त्यायचे पाय गेले, ते खाटेवर असतात."

"म्हंजे तुमचं रायलं!"

"रायलं न," उपाध्यक्ष म्हणाले, आणि हातातल्या ठरावाकडं असं बघितलं जणू तो दुसऱ्याच कोणी लिहिला होता. त्यांचा आवाज चढला. "असं कसं चालन? सगळ्यायचं झालं अन् आमचंच नाई? आमचं सांगून झाल्याबिगर माडी कोणी रिकामी नाई करायची!"

आधी हशा उसळला, मग टाळ्या. त्या गडबडीतच भाऊंनी ठराव मागं घेतल्याचं जाहीर केलं, मंडळाला माडी चालू ठेवल्याचंही जाहीर केलं आणि कोणाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणून चहा मागवला.

पुढच्याच रविवारी उपाध्यक्ष आणि भाऊंनी म्हाताऱ्या बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट जिन्यावरून वर आणलं. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. खुर्ची नकाशासमोर ठेवली. बाबा कपाटांकडं, भांड्यांकडं, माणसांकडं बघत राहिले. मी मोबाइल सुरू केला आणि विचारलं, "बाबा, सरदाराची गोष्ट सांगता ना?"

"कोणता सरदार?"

उपाध्यक्ष कानाशी वाकले. "बाबा, भरिताची गोठ. पाणी कुठवर आलं होतं ते सांगा."

"मले काय मालूम?" बाबा म्हणाले. "माहा बाप कुठी सांगे गोठी? बैल हाक म्हणे. मी बैल हाकले."

खोलीत कोणाला कुठं बघावं कळेना. उपाध्यक्षांचा एवढा मोठा चेहरा कानापर्यंत लाल झाला. सरांनी मात्र पेन्सिल काढली आणि एक एक शब्द लिहून घेतला, इतरांचा घेतला होता तितक्याच काळजीनं. मग खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी बसले आणि बैलांबद्दल विचारू लागले.

बाबा बैलांबद्दल बोलले. मग कपाटातला बाळापूरच्या किल्ल्याचा नकाशा बघितला. चहा झाला. वहिनींनी कोणाच्या तरी लग्नाचं सांगितलं, त्यावर बाबांनी त्या मुलीच्या आजोबांचं काहीतरी सांगितलं आणि सगळे खो खो हसले. दुपार कलली तेव्हा उपाध्यक्ष उठले.

"चाला बाबा, जाऊ घरी."

"कायची घाई हाये?" बाबा म्हणाले. "घरी कोणी बोलतच नाई. तुमी सगळे कामाले, मी भिताडाकडं पाहत रायतो. अठी बरं वाटते." त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "उद्या बी आणजो मले."

उपाध्यक्षांनी आधी जिन्याकडं बघितलं, मग बापाकडं. गमछ्यानं तोंड पुसल्यासारखं करून डोळे पुसले आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "बाई, माडी किती वाजता उघडता तुमी?"